आंबट-ओला शर्ट

दोरीवरचा शर्ट गालाला लावून पाहिला. बाह्या कोरड्या, पण कॉलरची घडी आणि खिशाची शिवण अजून गार. वाळला म्हणवत नाही, ओला म्हणवत नाही. याला आपल्याकडे ‘आंबट-ओला’ म्हणतात आणि हा शब्द मला भलताच आवडतो. ‘दमट’ हवेला शोभतो, ‘ओलसर’ फारच सभ्य. आंबट-ओल्यात तो कुबट वासही येतो. (तसाच घालून गेलो. दिवसभर मान खाजली.)

‘झुंजुमुंजु’ही त्यातलंच. अंधार सरत आलेला, पण उजाडलं म्हणावं एवढंही नाही.

‘तात्पुरता’ मात्र लबाड. तेवढ्यापुरता म्हणत येतो आणि ठाण मांडतो. खिडकीच्या फटीत तात्पुरता कोंबलेला कागदाचा बोळा आता पिवळा पडलाय.