समासात टिपा लिहीत ज्ञानेश्वरी

ज्ञानेश्वरी एकट्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्या अध्यायात सोडली असं सांगणारी माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत, आणि त्यात त्यांचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. 1290 सालची मराठी, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, एकेका ओवीत दोन-तीन शब्द अडतात, आणि खालचा अर्थ बघावा तर तो इतका सपाट केलेला असतो की ओवीतली सगळी मजाच निघून जाते. म्हणून आम्ही काही जणांनी ती गूगल डॉकमध्ये टाकून एकत्र वाचायला घेतलीय. मधे ओव्या, बाजूला प्रत्येकाच्या कमेंट्स. ग्रुपमध्ये एक रिटायर्ड मराठीच्या बाई आहेत, चिपळूणकडचे एक काका आहेत, हॉस्पिटलमध्ये नर्स असलेली एक ताई आहे, न्यू जर्सीत राहणारं एक जोडपं आहे, आणि कीर्तन करणारे एक बुवा आहेत जे कमेंट टाइप करत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट टाकतात आणि मग आमच्यापैकी कुणीतरी ती लिहून काढतं.

याचा फायदा काय ते एका जागेवरून सांगते. पहिल्या अध्यायात अर्जुन समोर आपलीच माणसं बघून खचतो तिथे ही ओवी आहे:

जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें । परि कळिकेमाजीं सांपडे । कोंवळिये ॥

आणि पुढे म्हटलंय की तिथे तो जीव देईल पण कमळाची पाकळी चिरणार नाही, स्नेह हा असा कोवळा असून कठीण असतो. मी ही ओवी किती वेळा ऐकली असेल, पण भुंगा लाकूड पोखरतो हे मला निव्वळ कवीचं बोलणं वाटायचं. चिपळूणच्या काकांनी कमेंटमध्ये त्यांच्या गोठ्याच्या वाशाचा फोटो टाकला. वाशाला खालून गोल भोक, करंगळी सहज जाईल एवढं, कडा एकदम गुळगुळीत, जणू ड्रिल मारलंय, आणि खाली जमिनीवर पिवळसर भुशाचा छोटा ढीग. काका म्हणाले, हा तो मोठा काळा भुंगा, ओल्या लाकडाच्या वाटेला फारसा जात नाही, सुकलेला वासा नाहीतर वाळका बांबू बघतो. म्हणजे ओवीतला 'कोरडें' हा शब्द यमकासाठी आलेला नाही, बघून लिहिलेला आहे! न्यू जर्सीच्या वहिनींनी लगेच खाली लिहिलं की त्यांच्या घराच्या मागच्या लाकडी डेकला दर वसंतात अशीच भोकं पडतात, आणि पोखरणारी मादी असते, आत अंडी घालायला.

मग नर्स ताईची कमेंट आली, ती मला सगळ्यात जास्त आवडली. तिने लिहिलं की डॉक्टर शक्यतो स्वतःच्या घरच्या माणसाचं ऑपरेशन करत नाहीत, हात तोच असतो, कसब तेच असतं, पण समोर आई असली की हात चालत नाही. अगदी वरच्याच ओवीत आलंय ना, ज्याने युद्धात शंकराला जिंकलं तो अर्जुन क्षणात मोहाने कवळला. एवढं वाचल्यावर मला तो रथात बसलेला अर्जुन पहिल्यांदा खरा वाटला.

आणि इथेच वाद सुरू झाला. बुवांचं म्हणणं, पुढची ओवी बघा, ही आदिपुरुषाची माया आहे असं स्वच्छ म्हटलंय, म्हणजे हा स्नेह सोडायचाच आहे. बाईंचं म्हणणं, सोडायचा असेलही, पण उपमा देताना ज्ञानदेवांनी त्याला चिखल म्हटलं नाही, कोवळी कळी म्हटलं, तिथे त्यांचं मन दिसतं. मला बाईंचं पटतं. बुवांना अजून पटलेलं नाही. दोन्ही कमेंट्स तशाच ठेवल्यात, कारण आमचा नियमच आहे की 'रिझॉल्व्ह' कुणी दाबायचं नाही. ते दाबलं की अख्खी चर्चा समासातून गायब होते आणि नंतर येणाऱ्याला वाटतं इथे सगळं सरळच आहे.

दुसरा नियम, आधी कमेंट्स बंद करून एकट्याने वाचायचं, स्वतःची खूण करायची, मग बाकीच्यांचं उघडायचं. हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर जो पहिल्यांदा लिहितो त्याचाच अर्थ सगळ्यांच्या डोक्यात बसतो. आणि ज्याला काहीच कळलं नाही त्याने नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं तरी चालतं, उलट तेच हवं असतं. एका ओवीवर चार प्रश्नचिन्हं दिसली की बाईंनासुद्धा थांबून शब्दकोश काढावा लागतो.

तिसरी गोष्ट, मूळ मजकुराला कुणी हात लावायचा नाही, सगळ्यांना फक्त कमेंटचा ॲक्सेस. हे नाथांकडून घेतलंय म्हणा ना. हाताने नकला होता होता पाठ बिघडले होते, म्हणून एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा. केवढं मोठं काम ते! आपण आज जी वाचतो ती बहुतेक नाथांच्या परंपरेतली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1909 मध्ये जुन्या पोथीवरून छापलेली प्रत शेजारी ठेवली की शब्दांची रूपं वेगळी दिसतात, ओव्यांचे नंबर जुळत नाहीत, सुरुवातीला त्यातच बराच वेळ गेला. आता पाठभेद दिसला की वेगळ्या रंगाने हायलाइट करतो आणि पुढे जातो.

सध्या जोरात चालू असलेली चर्चा परत पहिल्याच अध्यायातली आहे. हा ग्रंथ कसा ऐकायचा ते सांगताना माउली म्हणतात, 'हें शब्देंवीण संवादिजे', म्हणजे शब्दांवाचून संवाद करा, आणि बोलाच्या आधी प्रमेयाला, म्हणजे आतल्या आशयाला, भिडा. न्यू जर्सीच्या दादांनी विचारलं, मग आपण हे समास भरून शब्द लिहितोय ते याच्या उलट नाही का? प्रश्न मनापासून होता आणि त्यावर ग्रुपमध्ये सगळेच गंभीर झाले. बुवा म्हणाले की ज्ञानेश्वरीत श्रोते मधे मधे बोलतात, निवृत्तिनाथ थांबवतात, पुढे चल म्हणतात, म्हणजे माउलींना बोलणारे श्रोते हवेच होते. बाई म्हणतात की शब्दांवाचूनचा संवाद हा नंतरचा टप्पा आहे, आधी शब्द तर कळू देत. मला वाटतं दादांच्या प्रश्नात तथ्य आहे, आणि मी आता एखादी ओवी फार भिडली तर तिथे त्या दिवशी काहीच लिहीत नाही.

लवकरच सहावा अध्याय येईल आणि त्यात योगातल्या कुंडलिनीच्या ओव्या आहेत, ज्या आमच्यापैकी कुणालाच नीट कळत नाहीत. आसनं-प्राणायाम रोज करणारं, शिकवणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल आणि हळूहळू वाचायची तयारी असेल तर जरूर सांगा. शुद्धलेखनाची काळजी नको, व्हॉइस नोट चालेल.