‘नाशिक’मधला शेवटचा क : सहा सेकंदांचा बंपर कसा बांधायचा

रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये केंद्राचं नाव सांगणारा छोटा तुकडा म्हणजे बंपर. आपल्या गावाच्या नावावर संपणारा बंपर करायचा म्हटलं की पहिली अडचण त्या नावातच आहे. ‘नाशिक’ म्हणताना शेवटच्या क च्या आधी जीभ टाळूला टेकते, हवा थांबते आणि साधारण पन्नास ते शंभर मिलिसेकंद काहीच ऐकू येत नाही. मग एक बारीकसा फुटका आवाज येतो. तोच क. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तरंग बघितला तर ‘नाशि’ संपल्यावर रेघ सपाट होते आणि थोडं पुढे माशी बसल्यासारखा एक ठिपका दिसतो. घाईत काम करणारा माणूस सपाट रेघ दिसली की शब्द संपला असं समजतो आणि तिथेच कापतो. हवेवर जातं ‘नाशि’.

कात्रीने नाही कापलं तर इफेक्ट कापतात. ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या नॉइज गेटला तो क खोलीतल्या खरखरीसारखाच वाटतो. ‘ट्रंकेट सायलेन्स’ त्याच्या आधीची शांतता आवळून टाकतं, मग क शि ला चिकटतो आणि शब्द अडखळल्यासारखा ऐकू येतो. वरून अर्ध्या सेकंदाचा फेडआउट लावला असेल तर उरलासुरलाही गेला. उपाय सोपा आहे. झूम करून तो ठिपका शोधायचा, त्याच्यापुढे दीडशे मिलिसेकंद सोडायचे आणि मग वीस-तीस मिलिसेकंदांचा छोटा फेड द्यायचा. कापण्याआधी झेड दाबलं की निवडीची टोकं तरंग शून्यावर असतो तिथे सरकतात, म्हणजे जोडाजवळ ‘टक्’ होत नाही.

हे इतकं लांबवण्याचं कारण असं की बंपरमध्ये मधल्या भागापेक्षा दोन टोकं जास्त महत्त्वाची असतात. जाहिरात आणि गाणं, बातम्या आणि गप्पा यांच्यामधला तो सांधा. गवंड्याचं काम जसं सांध्यावरून ओळखतात, तसंच इथे.

मजकुरापासून सुरू करू. तीन, सहा आणि दहा सेकंद या तीन मापांत बहुतेक गरजा भागतात. ठसक्याने बोलायचं तर सेकंदाला दोन शब्द धरावेत. सहा सेकंदांच्या बंपरमध्ये सुरुवातीला आणि शेवटी संगीताला जागा सोडली की आवाजासाठी चार सेकंद उरतात, म्हणजे जेमतेम आठ शब्द. ‘तुम्ही ऐकत आहात’ यात तीन शब्द गेले. ‘ऐकताय’ म्हटलं की एकात भागतं आणि बोलण्यातलंही वाटतं. आकड्यांचा हिशोब शब्दांनी नाही, उच्चारांनी करावा. आकाशवाणी नाशिकचं 101.4 घ्या : ‘एकशे एक पूर्णांक चार’ आणि ‘वन झिरो वन पॉइंट फोर’ दोन्हीला जवळपास सारखाच वेळ लागतो. नाशिकच्याच रेडिओ विश्वास केंद्राचं 90.8 मात्र इंग्रजीत किंचित आटोपशीर बसतं. कोणतं घ्यायचं ते केंद्राच्या स्वभावावर ठरवा, पण एकदा ठरवलं की सगळ्या बंपरमध्ये तेच. सकाळी मराठी आकडा आणि रात्री इंग्रजी, असं केलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकही बसत नाही.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ नसला तरी चालतं. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधली कपड्यांनी भरलेली बेडरूम रिकाम्या ऑफिसपेक्षा चांगली. पंखा बंद, फ्रीज शेजारच्या खोलीत, कपाटाची दारं उघडी. माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला वळवून. समोर ठेवला तर ‘एफएम’मधला फ, भ आणि प सरळ त्यावर आपटतात आणि तो धक्का नंतर सहजासहजी निघत नाही. पातळी अशी ठेवा की सर्वात मोठा शब्द उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील. प्रत्येक टेकनंतर बोलणाऱ्याने दोन सेकंद हलायचं नाही, श्वासही सोडायचा नाही. तो शेवटचा क आणि त्यामागची शांतता यांच्यासाठीच हे. अगदी शेवटी पाच सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा.

ती पाच सेकंदं ‘नॉइज रिडक्शन’ला नमुना म्हणून द्यायची. तिथे 6 ते 9 डेसिबल पुरतात. त्याहून वर गेलं की आवाज विहिरीत उतरून बोलल्यासारखा होतो. थोडी खरखर राहिली तर राहू द्या, खाली संगीत येणारच आहे. मग 80 हर्ट्झला हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालची घरघर कापणारा, आणि त्यानंतर मोठे-बारीक आवाज जवळ आणणारा कॉम्प्रेसर, 3:1 च्या आसपास. हा क्रम उलटा झाला तर कॉम्प्रेसर आधी खरखरच उचलून वर आणतो आणि मग ती काढायला दुप्पट ताकद लावावी लागते.

नावातली दुसरी अडचण म्हणजे श. एफएम प्रक्षेपणात उंच कंप्रता मुद्दाम उचलून पाठवतात आणि रेडिओत परत खाली आणतात. आपल्याकडे हे 50 मायक्रोसेकंदांच्या मापाने होतं, म्हणजे 5 किलोहर्ट्झला साधारण साडेपाच डेसिबलची चढण. श नेमका त्याच भागात बसतो. हेडफोनवर गोड वाटणारा टोकदार श ट्रान्समीटरआधीच्या प्रोसेसरला जाऊन धडकतो, प्रोसेसर दचकून सगळंच दाबतो आणि ऐकणाऱ्याला श वर संगीत क्षणभर बसल्यासारखं वाटतं. अशी फुसफुस दाबणारा डी-एसर इफेक्ट शोधत बसू नका. अख्ख्या बंपरमध्ये एक किंवा दोन श असतात. तेवढा फुसफुसणारा तुकडा निवडा आणि ‘अॅम्प्लिफाय’मध्ये उणे 4 डेसिबल द्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता संगीत. त्यात सहा सेकंद घड्याळाने मोजू नका, मात्रांनी मोजा. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत आठ मात्रांच्या केरवा तालाचं एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांचं होतं. दोन आवर्तनं म्हणजे सहा, आणि त्यानंतरच्या समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, एक ठोका, त्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) सेकंदभर. पाश्चात्त्य ढंगाचं हवं असेल तर 120 बीटला चार मात्रांचा बार दोन सेकंदांचा, असे तीन. केंद्राचं नाव समेच्या आधी संपलं पाहिजे आणि सम मोकळी पडली पाहिजे. नाव समेवर चढवलं की दोघांचीही मजा जाते, आणि क तर ठोक्याखाली पार चिरडला जातो. आवाज थोडा लांब झाला तर आधी शब्दांमधल्या फटी कमी करा. ‘चेंज टेम्पो’ तीन-चार टक्क्यांपर्यंत खपून जातं. त्यापुढे जायची वेळ आली तर सरळ एक शब्द काढा.

तयार संगीत घेताना परवाना वाचा. ‘सात सेकंदांपर्यंत कोणतंही गाणं चालतं’ ही पक्की अफवा आहे, कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेही नाही. ‘नॉन-कमर्शियल’ परवान्याचा तुकडा जाहिराती चालवणाऱ्या केंद्रावर लावणंही धोक्याचंच. त्यापेक्षा ‘सूं’ करत येणारा आवाज घरीच तयार करा : ‘जनरेट’मधून दीड सेकंदाचा पिंक नॉइज (एकसारखी खरखर), तीव्रता 0.3, त्यावर पूर्ण लांबीचा फेडइन आणि 500 हर्ट्झला हाय-पास. त्याचं टोक पहिल्या अक्षराला अगदी खेटून ठेवा. मध्ये फट राहिली तर तोल गेल्यासारखं वाटतं.

गावाचा आवाज हवा असेल तर नाशिकमध्ये वाण नाही. रामकुंडावरची घंटा, तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडणारे ठोके, लासलगावच्या कांदा लिलावातली बोली, आणि अर्थातच ढोल. अडचणी प्रत्येकाच्या वेगळ्या. घाटावर वारा माइकमध्ये घुमतो, त्यामुळे फोमची टोपी हवीच. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज आपोआप साफ करणारी सोय बंद करा, नाहीतर घंटेची आस गोंगाट समजून ती खाऊन टाकते. लिलावातली बोली घेताना कोणाचं नाव किंवा व्यवहार ओळखू येईल असा तुकडा वापरू नका.

ढोलाबद्दल थोडं जास्त. पथकाच्या जवळ उभं राहून केलेलं रेकॉर्डिंग हमखास फाटतं. पंधरा-वीस पावलं मागे जा आणि पातळी उणे 18 च्या आसपास ठेवा, कारण खरा ठोका मीटरला दिसतो त्याहून मोठा आणि झटक्याचा असतो. संपादनात पूर्ण ठेका पसरू नका. ताशाची कडकड नेमकी व्यंजनांच्या पट्ट्यात येते आणि शब्द कळेनासे होतात. एकच ठोका घ्या आणि समेवर ठेवा. शिवाय ढोलाचा दम असतो खालच्या कंप्रतांत, मोबाइलच्या बारक्या स्पीकरला त्या झेपत नाहीत. तिथे ‘धम्म’ऐवजी ‘टप्प’ येतं. म्हणून टिपरूचा, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीचा, चामड्यावरचा आघात जिथे ऐकू येतो तो 2 ते 3 किलोहर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल उचला. मोठ्या स्पीकरवर बिघडत नाही, छोट्यावर ढोल ओळखू येतो.

आवाज आला की संगीत खाली, आवाज संपला की वर. यासाठी ‘ऑटो डक’ आहे. आवाजाचा ट्रॅक संगीताच्या लगेच खाली असला तरच ते चालतं. त्यात फेडची लांबी अर्धा सेकंद भरलेली असते. तासाभराच्या कार्यक्रमात ते ठीक आहे, पण सहा सेकंदांत दोन अर्धे सेकंद म्हणजे सहावा हिस्सा गेला. 0.15 ते 0.2 करा. मी तर म्हणेन, इतक्या छोट्या कामात पातळी बिंदू ओढून वर-खाली करणाऱ्या ‘एन्व्हलप टूल’ने हातानेच चार बिंदू द्यावेत. शेवटच्या क च्या आधी संगीत वर चढायला लागलं तर तो क पुन्हा गेलाच. वर येणारा बिंदू त्या ठिपक्याच्या पुढे हवा.

शेवटच्या शब्दाला घुमारा द्यायचा मोह सगळ्यांना होतो. ‘नाशिक… शिक… शिक’ ऐकलं की प्रचाराची रिक्षाच डोळ्यांपुढे येते, म्हणून एको शक्यतो नकोच. रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमून विरत जाणारा आवाज, चालेल. शब्दाची प्रत वेगळ्या ट्रॅकवर काढा, तिच्यापुढे दोन सेकंदांची शांतता जोडा, दोन्ही मिळून निवडा आणि ‘वेट ओन्ली’ (मूळ आवाज वगळून फक्त घुमारा) टिक करून रिव्हर्ब लावा. ती शांतता जोडली नाही तर निवड संपते तिथेच शेपूट तुटते, कारण ऑडॅसिटी इफेक्टसाठी स्वतःहून जागा वाढवत नाही.

पातळीचा आकडा केंद्राकडूनच घ्या. फक्त एक लक्षात ठेवा : ऐकू येणारी पातळी ठरावीक आकड्यावर आणणारं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ ज्या मापाने चालतं ते 400 मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी सरासरी काढतं, त्यामुळे तीन सेकंदांच्या बंपरमध्ये सरासरीला अर्थ फारसा राहत नाही. आकडा जुळला तरी केंद्रावर नेहमी वाजणाऱ्या एखाद्या गाण्याच्या शेजारी ठेवून कानाने ताडून बघा. शिखर उणे 1 डेसिबलच्या वर नको. मग स्टिरिओचं मोनो करून ऐका. रुंद वाटणारे काही तयार आवाज मोनोत एकमेकांना खाऊन टाकतात आणि संगीत अर्धं गायब होतं.

निर्यात वॅव्हमध्येच : 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ. दहा सेकंदांची फाइल पावणेदोन एमबीच्या आसपास होते, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून आरामात जाते. ऑडिओ म्हणून पाठवलीत तर ती पुन्हा दाबली जाण्याची भीती असते. एमपीथ्री नको, कारण एन्कोडिंग-डिकोडिंगमध्ये सुरुवातीला पंचवीसेक मिलिसेकंद शांतता चिकटू शकते, आणि खेटून ठेवलेलं पहिलं टोक सैल पडतं.

प्रत्येक बंपरच्या तीन फाइली द्या : पूर्ण, नुसता आवाज आणि नुसतं संगीत. पुढच्या वर्षी घोषवाक्य बदललं की संगीताची फाइल कामाला येते. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरं, लांबी आणि तारीख ठेवा. देवनागरी नावं केंद्रावर फाइली वाजवणाऱ्या काही जुन्या प्लेआउट सॉफ्टवेअरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसतात, आणि सकाळी सहाला ड्युटीवर असलेल्या माणसाने त्यातलं कोणतं वाजवायचं?