आमची वाटचाल: घरचे फोटो घरातच

आमची पहिली डिजिटल फोटो फ्रेम एका बंद पडलेल्या लॅपटॉपच्या पॅनेलची होती. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघून त्याला चालणारा कंट्रोलर बोर्ड मागवला, एचडीएमआय केबलने रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर जोडला आणि सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली. जोडणी माझ्याकडे, प्रोग्रॅम भागीदाराकडे. फोटो फ्रेममधल्या मेमरी कार्डावरच राहणार, क्लाउडवर जाणार नाहीत, अकाउंट नको आणि मासिक वर्गणीही नको, एवढं आमचं पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

पहिल्या ग्राहक एक काकू. काकांच्या जुन्या फोटोंचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे नाहीत हं." सगळे फोटो 600 डीपीआयला स्कॅन करून दिले. आठवड्याने त्यांचा फोन आला, "नातवाचे फोटो आडवे का दिसतायत रे?" फोन उभा धरून काढलेला फोटोही बहुतेक वेळा आडवाच साठवला जातो आणि तो किती वळवायचा, ते एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या माहितीत, एका आकड्यात लिहिलेलं असतं. 6 असेल तर 90 अंश उजवीकडे. आमचा प्रोग्रॅम तो आकडा वाचतच नव्हता. 2017 नंतर आयफोनचे फोटो जेपीईजीऐवजी एचईआयसी या फॉरमॅटमध्ये येऊ लागले, तेव्हा काही फोटो फ्रेमवर दिसतच नाहीत, हेही काकूंनीच पहिल्यांदा सांगितलं. आमच्या मालाची इतकी बारकाईने तपासणी दुसऱ्या कुणी केलेली नाही.

आता एकदा मिळालेल्या 60 फ्रेमच्या ऑर्डरबद्दल. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला पहिल्यांदाच मिळाली होती. भागीदाराने स्वस्तातली मायक्रो एसडी कार्डं आणली, मी हो म्हटलं. ती चूक माझीही आहे. माणसं फ्रेम बंद करतात ती दिव्यासारखी, थेट भिंतीवरच्या बटणाने. त्याच क्षणी कार्डावर काही लिहिणं चालू असेल, तर फाइल सिस्टम, म्हणजे कार्डावरची फाइलींची मांडणी, बिघडते आणि पुढच्या वेळी स्क्रीन काळीच राहते. दोन महिन्यांत अर्ध्याहून जास्त फ्रेम परत आल्या. खोके दारापर्यंत रचलेले होते. मी रात्री बसून एकेक कार्ड नव्याने भरत होतो, आणि त्याच काळात भागीदार क्लाउडवाल्या फ्रेम विकणाऱ्या एका कंपनीत गेला. जाताना आमच्या ग्राहकांची यादीही घेऊन गेला. "त्यांची फ्रेम कधी बंद पडत नाही," असं त्याने आमच्याच लोकांना फोन करून सांगितलं. हे मी आजही विसरलेलो नाही.

उपाय सापडला तो त्याच खोक्यांमध्ये बसून. रास्पबेरी पायमधली ओव्हरले फाइल सिस्टम नावाची सोय चालू केली की कार्ड फक्त वाचलं जातं, जे काही लिहायचं ते रॅममध्ये, आणि वीज गेली की ते पुसलं जातं. फोटोंसाठी वेगळा पेन ड्राइव्ह. काही फ्रेम तरीही अडत होत्या. मल्टिमीटर लावला, तर बारीक केबलमुळे बोर्डापर्यंत 5 व्होल्ट पोचतच नव्हते. 4.63 व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण येते, ती आम्ही लपवून टाकली होती. तेव्हापासून अडॅप्टर आणि जाड केबल आमचीच. काकूंनी त्या दिवसांत आणखी दोन फ्रेम घेतल्या, पूर्ण पैसे आगाऊ देऊन. दुकान त्यावर तगलं.

पुढची वर्षं बरी गेली.

घरी स्वतः फ्रेम करणाऱ्यांना सांगतो, फोटो आधी लहान करून घ्या. 12 मेगापिक्सेलचा फोटो 1280 × 800 च्या पॅनेलवर जेमतेम 1 मेगापिक्सेलच दिसतो, उरलेलं सगळं रास्पबेरी पायला उगाच ओढावं लागतं. 4:3 चा आडवा फोटो दोन्ही बाजूंना शंभरेक पिक्सेल काळी पट्टी सोडणारच. ती राहू द्या, भरण्यासाठी फोटो कापलात तर कडेच्या माणसांची डोकी जातात. फोनवरून फोटो टाकायचे असतील, तर घरच्या वायफायवर साम्बाचं (नेटवर्कवर फोल्डर वाटून देणारा प्रोग्रॅम) एक फोल्डर पुरतं, आणि राउटरमध्ये फ्रेमचं बाहेरचं इंटरनेट बंद करून टाका. पॅनेल आयपीएस प्रकारचंच घ्या, टीएन प्रकारचं बाजूने बघितलं की चेहरे काळवंडतात. आणि फ्रेममधल्या फोटोंची मूळ प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

भागीदार गेला त्या कंपनीने पुढे सर्व्हर बंद केला. फ्रेम धडधाकट, पण लॉगिन होत नाही म्हणून एकही फोटो दिसत नाही. त्या घेऊन लोक आता आमच्याकडे येतात. पॅनेल चांगली आहेत. आतला बोर्ड काढून आम्ही आमचा रास्पबेरी पाय बसवतो. यातले काही जण त्या नेलेल्या यादीतले आहेत. त्यांना मी काहीच विचारत नाही, फक्त पेन ड्राइव्ह आणलाय का, एवढंच.