उणे टक्क्यांतली उजनी

भीमेवरच्या उजनी धरणावर सगळे जानेवारीत जातात, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला. मी गेलो 2024च्या मे महिन्यात, धरणाच्या पाण्याकाठच्या पळसदेव गावी. पेपरात रोज ‘उजनी उणे पन्नासच्या पुढे’ छापून येत होतं. धरणात पाणी उणे कसं असेल, हे आपल्याकडे कुणी धड सांगतच नाही.

हिशोब असा. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातला 53.57 उपयुक्त, तोच ‘100 टक्के’. खालचा 63.66 टीएमसी मृत साठा, आणि शून्य धरतात ते त्याच्या माथ्यावर. समुद्रसपाटीपासून 496.83 मीटरला धरण भरलं, 491.03 मीटरला शून्य. जेमतेम पावणेसहा मीटरांत अख्खा उपयुक्त साठा बसतो! इतका सपाट खोलगट प्रदेश असल्यावर पातळी हातभर उतरली तरी काठ लांब पळतो. उणे साठ म्हणजे मृत साठ्यातलं 32 टीएमसी उपसलेलं. तरी साडेएकतीस उरतंच. त्या उन्हाळ्यात आकडा तिथवर गेला.

भिगवण सोडलं की सोलापूरकडे जाताना डाव्या हाताला धरणाचं पसरलेलं पाणी. एरवी पळसनाथाच्या जुन्या देवळाचं विटांचं शिखर तेवढं पाण्यावर दिसतं. अशा उन्हाळ्यात पायथ्यापर्यंत सगळं उघडं पडतं: दगडी भिंती, आसपासचे वीरगळ, जुन्या गावातल्या घरांची जोती. देव केव्हाच वर नव्या गावात गेलाय. आत चपला घालून सेल्फी काढणारे बघून चिडचिड झाली, पण देवळापेक्षा मी जास्त वेळ खाली गाळच बघत होतो, हेही खरं.

कारण तिथेच माणसं फसतात. भेगा पडून पापुद्रे उलटलेत, वर गवत आलंय, तो गाळ भार घेतो. काळपट, गुळगुळीत, चकाकणारा, भेग नसलेला गाळ पाणी सुटून थोडेच दिवस झाल्याचा; वर साय, खाली चिखल. गुरांच्या खुरांची किंवा ट्रॅक्टरच्या चाकांची वाट सोडू नये. पाय गुडघ्यापर्यंत गेला तर ओढाओढ करू नका. मागे बसकण मारून वजन पसरवा आणि टाच हलवत सैल करा. आणि शेतकऱ्यांच्या केबलींवरून उड्या मारत जाऊ नका. पाणी मागे हटलं की मोटार पुढे सरकवायची, पाइप-केबल जोडायची, तरी पुरेना तर चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचं, हे महिनाभर चाललेलं असतं. जोड कुठे उघडा असेल सांगता येत नाही. तिकडे सोलापूरकरांसाठी तेव्हा दुबार पंपिंग, म्हणजे आधी एका पंपाने जॅकवेलमध्ये (पाणी उपसायच्या विहिरीत) पाणी ओढायचं, मग पुढे शहराकडे ढकलायचं.

होडीत सकाळीच बसा. मेमध्ये दुपारनंतर वळवाचा वारा सुटतो, आणि एवढ्या लांब उघड्या पाण्यावर तो बघता बघता लाटा उठवतो. त्याच महिन्यात उजनीच्याच पाण्यात, कुगाव-कळाशी या गावांदरम्यान, होडी उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट नसेल तर होडी कितीही ओळखीची असो, मी बसणार नाही. पक्षी उडवायला होडी जवळ नेण्याचा हट्ट धरणाऱ्यांबरोबरही नाही.

बाकी भिगवणची चिलापी मासळी एकदम झकास. भीमानगरला धरणाचे 41 दरवाजे धावत्या गाडीतून पाहिले, उन्हात सगळे कोरडे.

मग जुलैत दौंडचा विसर्ग बघायचा, म्हणजे तिथून उजनीत येणारं पाणी. 11,574 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) दिवसभर चालला की एक टीएमसी. 50 हजारांनी वाहिला तर उणे साठवरून शून्यावर यायला साडेसात दिवस, आणि ते पाणीही पुण्याच्या धरणांवर पडलेल्या पावसाचं. सोलापुरात तेव्हा ऊन असलं तरी चालतं.