डिफेन्सिव्ह फॉरवर्डची वही: ब्लॉक आणि हिटचे रकाने काढून टाकले, आता ब्लू लाइन मोजतोय

राजेहो, मागच्या अपडेटनंतर वहीत बराच बदल झालाय म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवीन वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेची आइस हॉकी लीग, तिथले जे फॉरवर्ड (पुढे खेळणारे तिघं, मधला सेंटर आणि दोन बाजूंचे विंगर) समोरच्या टीमच्या पहिल्या लाइनला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात भारी तिघांना, गोल मारू देत नाहीत त्यांची खरी किंमत किती, हे काढायचा माझा खटाटोप सुरू आहे.

सध्या हरभऱ्याला पाणी सुरू आहे आणि या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची, त्यामुळे मोटर चालू करून विहिरीपाशीच बसतो आणि पहाटे साडेपाचला अमेरिकेच्या पूर्वेकडचे सामने लागतात ते तिथंच पाहतो, नेटवर्कही गावापेक्षा शेतात बरं आहे. पूर्ण सामना पाहावाच लागतो, कारण हायलाइटमध्ये झालेले गोल दाखवतात आणि माझं सगळं काम न झालेल्या गोलांचं. परवा पलीकडच्या धुऱ्यावरचा मित्र येऊन बसला, म्हणे "काहून पाह्यतं बे याले, यानं तं एकबी गोल नाही मारला." मी म्हटलं, "तू जागलीले जातं अन् रातभर तुरीत रानडुक्कर नाही घुसलं, तं तुही रात्र फुकट गेली काय?" मग तो अख्खा पिरियड पाहून गेला आणि मधेच दोनदा स्वतःहून म्हणाला, "पाह्य, अडवलं."

आता रकान्यांचं. ब्लॉक, म्हणजे मधेच आडवं येऊन अडवलेले शॉट, काढून टाकले कारण ज्याचे ब्लॉक जास्त तो बर्फावर असताना पक (चेंडूऐवजीची रबराची चकती) आपल्याच झोनमध्ये, म्हणजे आपल्या गोलकडच्या भागात, जास्त वेळ आहे असाही अर्थ होतो. हिट (अंगानं दिलेली धडक) आणि टेकअवे (समोरच्याकडून हिसकावलेला पक) काढून टाकले कारण ते मोजणारे लोक प्रत्येक रिंकचे वेगळे, कुठं सढळ हातानं देतात कुठं कंजूषपणे. प्लस-मायनस, म्हणजे माणूस बर्फावर असताना टीमनं मारलेले वजा खाल्लेले गोल, तर घ्यायचंच नाही असं माझं ठाम मत आहे. त्यात पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा माणूस पेनल्टीत बाहेर असतानाचे, गोल धरत नाहीत पण रिकाम्या नेटमधले (मागे असलेली टीम गोली, म्हणजे गोलकीपर, काढून सहावा माणूस उतरवते तेव्हाचे) धरतात, म्हणजे लीड सांभाळायला शेवटच्या मिनिटाला जो उतरतो त्याला कधी फुकटचा प्लस आणि कधी सहा जणांविरुद्ध गोल खाऊन मायनस, आणि वरून गोलीचा दिवस कसा आहे यावर अर्धा आकडा ठरतो.

मग कोर्सी आणि एक्सपेक्टेड गोल्स. कोर्सीत सगळे शॉट प्रयत्न येतात, एक्सजीत, म्हणजे एक्सपेक्टेड गोल्समध्ये, शॉटची गोल होण्याची शक्यता धरतात, त्यात शॉट कुठून आला, कसा आला, रिबाउंड होता का, हे येतं. ते मी ठेवलंय, पण स्कोअरप्रमाणे ॲडजस्ट केलेलंच, कारण मागे असलेली टीम जास्त शॉट मारते आणि आपला माणूस नेमका तेव्हाच बर्फावर असतो. सोबत कोण, समोर कोण, फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करणं) कोणत्या झोनमध्ये, हे वजा करायला रिग्रेशनवाले मॉडेल आहेत आणि ते चांगले आहेत. तरी एक मोठी गोष्ट राहतेच. लीगच्या पब्लिक डेटात शॉटच्या आधीचा पास नसतो. विंगरनं स्टिक आडवी घालून स्लॉटमधून (गोलसमोरची जागा) जाणारा पास बंद केला आणि समोरच्यानं नाइलाजानं लांबून मारलं, तर मॉडेलला फक्त एक कमजोर शॉट दिसतो, तो कमजोर कुणी केला ते दिसत नाही.

म्हणून या वेळी ब्लू लाइन, म्हणजे जी रेष ओलांडली की समोरच्याच्या झोनमध्ये एंट्री होते ती. एरिक टल्स्की नावाचा केमिस्ट्रीत पीएचडी केलेला माणूस, त्यानं चाहत्यांनी हातानं नोंदवलेल्या झोन एंट्रीवर काम केलं आणि दाखवलं की पक हातात ठेवून आत आलं तर डंप करून, म्हणजे पक पुढे फेकून त्यामागे धावत, आत येण्यापेक्षा साधारण दुप्पट शॉट मिळतात. तोच माणूस 2024 पासून कॅरोलिना टीमचा जनरल मॅनेजर आहे. आपल्यासारख्या वहीवाल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे हे मी मनापासून म्हणतो.

आणि कॅरोलिनाचा कॅप्टन जॉर्डन स्टाल, यालाच मी सगळ्यात जास्त पाहतोय. त्याची एक हालचाल वहीत वारंवार येते. समोरचा सेंटर आपल्या झोनमधून पक घेऊन वेग पकडतो, स्टाल सरळ त्याच्या अंगावर जात नाही, आतल्या बाजूनं अर्धी वाट सोडून मागे-मागे सरकतो, लांब स्टिक मधल्या पासच्या वाटेवर ठेवतो, आणि त्या माणसाला बोर्डकडे एवढीच गल्ली उरते. मधली रेड लाइन ओलांडली की तो पक आत फेकतो, मागचा डिफेन्समन आधीच वळलेला असतो, पक बाहेर. स्कोअरशीटवर यातलं काहीच येत नाही. मी त्याला "गल्ली" लिहितो आणि पुढे कॅरी की डंप की पास, आणि वीस सेकंदात शॉट झाला का नाही.

याची किंमत पैशात पण पाहा ना. स्टालनं 2023 मध्ये चार वर्षांचा करार केला, वर्षाला 29 लाख डॉलर. फिलिप डॅनोला लॉस एंजेलिसनं 2021 मध्ये सहा वर्षांसाठी वर्षाला 55 लाख दिले, तेव्हा टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, म्हणजे कॅप, 8 कोटी 15 लाख होती. डॅनोनं त्याआधी मॉन्ट्रियलकडून प्लेऑफच्या पहिल्या राउंडमध्ये टोरंटोच्या मॅथ्यूजची लाइन अडवून धरली होती, सात सामन्यांत मॅथ्यूजचा एकच गोल. वयाचा फरक आहे मान्य, पण साधारण सहा गोलांचा फरक म्हणजे सीझनला एक जास्तीचा विजय, आणि अडवलेला गोल त्या हिशोबात मारलेल्या गोलाएवढाच धरतात, म्हणून मला स्टालचा करार लीगमधला फार स्वस्त सौदा वाटतो.

सेल्की ट्रॉफी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह फॉरवर्डचं बक्षीस, त्यावर मी किंमत ठरवत नाही. 1978 पासूनच्या पहिल्या चारही बॉब गेनीला मिळाल्या, डाव्या विंगला खेळणारा, कुठल्याच सीझनला 50 पॉइंट (गोल अधिक असिस्ट) नाहीत. 1994 ला फेडोरोव्हनं 120 पॉइंट करून ती घेतली. बर्जरोनच्या सहा आहेत आणि त्या त्याच्या हक्काच्याच, पण 2003 ला लेहटिनेननं घेतली त्यानंतर 2025 पर्यंत एकही विंगर नाही! पत्रकार मत देतात, सेंटरचे फेसऑफ आणि पॉइंट समोर दिसतात. विंगर भिंतीवर जे करतो ते बघायला पूर्ण सामना लागतो.

फ्लोरिडाचा कॅप्टन बार्कोव्ह 2025-26 च्या सीझनला वहीत नाही, सप्टेंबर 2025 ला कॅम्पमध्येच गुडघा गेला. काही जणांनी विचारलं की तो नसताना फ्लोरिडा किती शॉट देते ते मोजून त्याची किंमत निघेल का. मी तरी काढणार नाही, त्यांचाच टकाचुकही सुरुवातीला बाहेर होता, कोणामुळे काय बिघडलं ते वेगळं काढता येत नाही.

पुढचं काम पेनल्टी किल, म्हणजे आपला माणूस पेनल्टीत बाहेर असताना गोल वाचवणं, ते वेगळ्या पानावर घेतोय. तिथं दोनच फॉरवर्ड असतात, लीगमध्ये साधारण 80 टक्के पेनल्टी तशाही गोल न खाता निघून जातात, त्यामुळे पाच-पाचच्या आकड्यांत ते मिसळलं की गोंधळ होतो. मला मदत लागेल ती सिरेली आणि राइनहार्टची. टँपा आणि फ्लोरिडाचे सामने कोणी नियमित पाहत असेल तर फक्त समोरच्या पहिल्या लाइनच्या एंट्री लिहा, कॅरी, डंप, पास, एवढंच, आणि बर्फावर आपला माणूस होता की नाही. वही कशी आखायची त्याचा फोटो मी लाईन दिवसाची झाली की टाकतो.