शाळेमागचं ट्रेडल मशीन

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा म्हणालात, पण माझी अर्धी शाळा भरायची ती मागच्या गल्लीतल्या छापखान्यात. वार्षिक अंकाची प्रुफं, म्हणजे चुका तपासायचे छापील नमुने, नेण्या-आणण्याचं काम मराठीच्या बाईंनी माझ्यावर सोपवलं होतं. नवं प्रूफ निघेपर्यंत मशीनमनकाका मला शेजारी उभं राहू देत. अट एकच, हात पाठीमागे.

का, ते मशीन चालू झालं की कळायचं. काका पायाने पट्टी दाबत, जड चाक गती घेई. एकीकडे चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळलेले अक्षरांचे खिळे, दुसरीकडे कागद लावायची सपाट लोखंडी पाटी. दोन्ही शिंपल्यासारख्या उघडत-मिटत. तेवढ्यात एका हाताने कोरा कागद लावायचा, दुसऱ्याने छापलेला काढायचा. कागद वाकडा बसला तर दांडा सरकवून दाब सोडायचा, चाक फिरतच राही. वर शाईची गोल तबकडी, दर फेरीला किंचित सरकणारी, म्हणून खिळ्यांना शाई लावणाऱ्या रुळांना ती सगळीकडून सारखी मिळे. या धाटणीच्या मशीनचं पेटंट अमेरिकेतल्या जॉर्ज गॉर्डनने १८५०च्या दशकात घेतलं, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर समजलं. तरफ आणि कॅम (फिरता फिरता दुसऱ्या भागाला ढकलणारी चकती) मात्र आधीच डोळ्यांनी पाठ झाले होते. (आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तेव्हा बंद कपाटंच जास्त, हे आता लिहायला हरकत नसावी.)

रूळ सरस आणि ग्लिसरीनचे. जुलैत ते दमट हवा पिऊन मऊ पडत. काका सकाळी आल्या आल्या रुळाला बोट लावून बघत आणि त्यावरून दिवसाचा मूड ठरे.

खिळे शिसं, अँटिमनी आणि कथलाचे, उंची ०.९१८ इंच. झिजलेला खिळा फिका उठे. मग कागदामागच्या पॅकिंगमध्ये नेमक्या त्या जागी पातळ कागदाचा तुकडा चिकटवायचा. देवनागरीत हा खटाटोप दुप्पट, कारण मात्रा, रफार यांचे खिळे बऱ्याचदा वेगळे आणि शिरोरेषा जुळायलाच हवी. जावजी दादाजींनी याच मुंबईत आधी टाइप फाउंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना, काढली आणि मग १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना, तो क्रम उगाच नव्हता.

हल्ली लग्नपत्रिकांवर खोल उठलेल्या अक्षरांना ‘लेटरप्रेस’, म्हणजे अशीच ठशांची छपाई, म्हणून जादा पैसे मोजतात. काका छापलेला कागद उलटा करून पाठीवर बोट फिरवत. अक्षर हाताला लागलं की ओरडत, “दाब कमी कर, खिळे मारतोस काय!”