बाकाखालची कादंबरी

'दिलेला शब्द वाक्यात वापरा' हा प्रश्न पेपर काढणाऱ्याला सहज सुचतो आणि तपासणाऱ्याचा जीव काढतो. दोन गुणांचा प्रश्न. एक गुण अर्थाला, एक वाक्यरचनेला. त्या खेपेला इंग्रजीच्या पेपरात शब्द होता 'इलिसिट', आणि आमच्या हातात दिलेल्या नमुना उत्तरात अर्थ छापला होता : कायद्याने मना असलेले.

गठ्ठे सुटले आणि ठरलेली करमणूक सुरू झाली. एकाने डॉक्टरांचं अक्षर 'इलिसिट' असतं असं लिहिलं होतं. त्याच्या डोक्यात 'इलेजिबल', म्हणजे वाचता न येणारं, होता. 'टीचर इलिसिटेड द आन्सर' हे तर दर गठ्ठ्यात. 'एलिसिट' म्हणजे माहिती किंवा उत्तर काढून घेणं. दोन्ही शब्दांचा उच्चार जवळजवळ एकच, त्यामुळे इंग्रजी मायबोली असलेले लोकही लिहिताना घसरतात. वाक्य म्हणून ते निर्दोष, फक्त शब्द भलताच. शून्य द्यायचं आणि पुढे जायचं.

खरी डोकेदुखी बरोबर वाक्यांची. 'इट इज ॲन इलिसिट थिंग.' यात चूक काय काढणार? पण तिथे 'इलिसिट'च्या जागी 'अग्ली' घातलं काय नि 'ओल्ड' घातलं काय, वाक्य तसंच उभं राहतं. लिहिणाऱ्याला शब्द कळलाय की नाही, हे त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी अशा वाक्याला एक गुण देत होते.

दुसरा प्रकार 'पार्किंग हिअर इज इलिसिट.' व्याकरण चोख, अर्थही जुळतो, तरी कानाला खटकतं. हे विशेषण सहसा नामाच्या आधी बसतं, आणि तेही ठरावीक नामांच्या : ड्रग्ज, लिकर, ट्रेड, अफेअर. त्यात लपवाछपवीचा वास असतो. आपण चोरटा व्यापार म्हणतो, चोरटे संबंध म्हणतो, त्यातला 'चोरटा' त्याच्या बराच जवळ जातो. नो पार्किंगमधली गाडी भर रस्त्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी असते. तिला 'इल्लीगल' पुरतं. पण हे परीक्षेतल्या पोरांकडून कोण अपेक्षिणार? दोन गुण दिले.

मग फेरतपासणीसाठी माझ्याकडे एक उत्तरपत्रिका आली. अक्षर गिचमिड. वाक्य असं : 'ड्युरिंग द जॉमेट्री पिरिअड आय रेड ॲन इलिसिट नॉव्हेल अंडर द डेस्क.' नॉव्हेलच्या स्पेलिंगमध्ये एक 'एल' जास्त. 'इलिसिट'च्या आधी एक शब्द लिहून खोडलेला. उजेडात धरला तर वाचता येत होता : 'सीक्रेट'. म्हणजे पोराने आधी मनातला शब्द लिहिला आणि मग प्रश्नातला शब्द नेमका त्याच जागी बसवला. समासात लाल शाईने भलंमोठं शून्य.

शून्य देणारे सर माझ्या समोरच्याच टेबलावर होते. वयाने आणि अनुभवाने मोठे, तपासणीत एकदम काटेकोर.

"सर, याला शून्य का?"

"मॅडम, कादंबरी वाचणं कोणत्या कायद्याने गुन्हा आहे, सांगा बरं."

सरांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. अमली पदार्थांविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९८८चा करार, त्याच्या नावातच 'इलिसिट ट्रॅफिक' आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २००३चा तंबाखू नियंत्रण करार तर 'इलिसिट ट्रेड'ची व्याख्याच 'कायद्याने प्रतिबंधित' कृती अशी करतो. सरांना हे तोंडपाठ. शब्द कायद्याचा आहे, कायद्यातच वापरा, असा त्यांचा सूर.

मी म्हटलं, मग संयुक्त राष्ट्रांच्याच दोन संस्थांनी २०२०मध्ये 'इलिसिट फायनान्शियल फ्लोज' मोजण्याची चौकट आखली, तिचं काय करायचं? देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या संशयास्पद पैशाचा तो हिशेब. त्यात कंपन्यांनी पळवाटा शोधून केलेली करटाळणीही धरली आहे, आणि ती पुष्कळदा कायद्याच्या चौकटीत बसते. कायदेशीर, तरी 'इलिसिट'. कॅथलिक चर्चमध्ये तर याहून मजेदार प्रकार आहे. १९८८मध्येच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी पोपची आज्ञा नसताना चौघांना बिशपपदाची दीक्षा दिली. चर्चच्या लेखी ती दीक्षा 'व्हॅलिड', पण 'इलिसिट'. चौघे बिशप झाले हे खरं, पण व्हायला नको होतं हेही खरं. कुठल्या सरकारचा कायदा मोडला होता त्यात?

मूळ लॅटिन क्रियापद 'लिकेरे', म्हणजे परवानगी असणे. 'लायसन्स' त्याच घरातला. परवानगी सरकारने द्यायची की भूमितीच्या बाईंनी, याबद्दल लॅटिन काही बोलत नाही.

"उद्या कोणी 'इलिसिट टी' लिहील," सर म्हणाले.

"लिहू दे की. पहाऱ्यावरचा शिपाई जागा सोडून चोरून पीत असेल, तर चालेल."

आसपासचे हसले. सर हसले नाहीत. "अहो, प्रत्येकाने आपापल्या डोक्याने ठरवायचं, तर हा नमुना उत्तराचा कागद कशाला वाटतात?" हा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. एका खोलीत त्या वाक्याला दोन आणि शेजारच्या खोलीत शून्य, हे पोरांच्या दृष्टीने वाईटच.

प्रकरण मॉडरेटरांकडे, म्हणजे आमच्या तपासणीवर देखरेख करणाऱ्यांकडे गेलं. त्यांनी वाद ऐकलाच नाही, सरळ विद्यार्थ्यांसाठीचा कोश उघडला. पहिला अर्थ कायद्याने मना, दुसरा समाजाच्या रूढ नियमांना मान्य नसलेलं. त्यांनी नमुना उत्तराच्या कागदावर 'किंवा नियमाने' एवढे दोन शब्द पेनाने लिहिले, खाली सही केली, आणि या कारणावरून शून्य दिलेल्या सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा काढायला सांगितल्या. बांधलेले गठ्ठे सोडताना कोणी माझ्याकडे प्रेमाने पाहत नव्हतं.

मी लगेच 'इट इज ॲन इलिसिट थिंग'चाही विषय काढला. मॉडरेटर म्हणाले, अर्थाला विरोध नाही, रचनेत चूक नाही, गुण कशाबद्दल कापणार? पूर्ण दोन द्या. दिले. कादंबरीवाल्याचं शून्य सरांनी स्वतः खोडलं, शेजारी सही केली आणि जास्तीच्या 'एल'चा अर्धा गुण कापून दीड लिहिला.

कागदाप्रमाणे दोन्ही निर्णय बरोबर आहेत. मला अजून पटलेले नाहीत.